मातीतून मॅटवर : खाशाबा जाधव
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या रहिमतपूर स्टेशनवरून मिरजेकडे निघालेली गाडी तारगाव, मसूर, शिरवडे अशी स्टेशने घेत कऱ्हाडला पोहोचते. कऱ्हाड म्हटले की कुणाला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम आठवतो, कुणाला यशवंतराव चव्हाण आठवतात. पण त्याच कऱ्हाडला खेटून असलेल्या गोळेश्वर या लहानशा गावाचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधले पहिले वैयक्तिक पदक या गावच्या एका शेतकऱ्याच्या मुलाने मिळवून दिले. ते वर्ष होते १९५२ आणि त्या मुलाचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

खाशाबांचे नाव आज सर्वांच्या तोंडी आहे. सातारा जिल्ह्यात तर त्यांच्या नावाशिवाय क्रीडा समारंभातले एकही भाषण पुरे होत नाही. परंतु भाषणात जे येते ते बहुधा एवढेच, की ते गरीब होते, त्यांनी पदक आणले आणि सरकारने त्यांची उपेक्षा केली. ते लढत कसे होते, मातीत घडलेला हा मल्ल परक्या देशात परक्या नियमांनी कसा टिकला, हा खरा विषय बाजूलाच राहतो. मला त्याविषयी लिहावयाचे आहे.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी गोळेश्वर येथे झाला. दादासाहेब जाधवांच्या पाच मुलांतील ते सर्वांत धाकटे. दादासाहेब स्वतः नाणावलेले पैलवान होते. त्यामुळे मुलाच्या हाती पाटी येण्याच्या सुमारासच त्याच्या अंगाला तालमीची माती लागली. पाचव्या वर्षापासून वडिलांनी त्यांना कुस्तीचे धडे दिले असे सांगतात. वयाच्या आठव्या वर्षी त्यांनी परिसरातील एका नावाजलेल्या मल्लाला दोन मिनिटांत चीत केल्याचीही हकीगत सांगितली जाते. अशा हकीगती प्रत्येक मोठ्या पैलवानाभोवती जमतात, त्यामुळे त्यात किती मीठमसाला आहे हे ज्याचे त्याने ठरवावे. पण एक गोष्ट खरी, की हा मुलगा अंगाने थोराड नव्हता. पुढे पूर्ण वाढ झाल्यावरही त्यांची उंची साडेपाच फुटांच्या आतबाहेरच राहिली. पैलवान म्हणजे धिप्पाड देह, जाडजूड मान आणि हत्तीसारखी चाल, ही आपल्याकडची समजूत. त्या समजुतीत खाशाबा कधीच बसले नाहीत.

इथे थोडे थांबून मातीतल्या कुस्तीविषयी सांगितले पाहिजे. ज्यांनी जत्रेतला फड पाहिला आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल. आपल्या तालमीचा हौद म्हणजे नुसती उकरलेली जमीन नव्हे. चाळून घेतलेल्या तांबड्या मातीत तेल, ताक, लिंबू, हळद घालून ती मऊ केलेली असते. या मातीत पाय रुततो, पकड बसते, घामाने अंग निसरडे झाले तर मूठभर माती चोळली की पुन्हा हात धरतो. फडात हलगी वाजते, शड्डू ठोकले जातात, सलामी होते आणि मग कुस्ती लागते ती निकालापर्यंत. दोन्ही खांदे मातीला लागले, पाठ टेकली, की आस्मान दिसले. त्याच्या आधी काही नाही. गुण नाहीत, घड्याळ नाही. अर्धा तास, पाऊण तास, कधी त्याहूनही अधिक वेळ दोन मल्ल एकमेकांना रेटीत राहतात. वजनाचे गटही नाहीत. जोड लावणारे जाणते लोक नुसत्या नजरेने अंदाज घेतात आणि हात वर करतात. अशा कुस्तीत साहजिकच दम आणि ताकद यांना मोल येते. जोर, बैठका, सपाट्या यांचा मारा, वर दूध-तूप-बदामाचा खुराक, आणि समोरच्याला थकवून थकवून शेवटी दाबणे, हा एक रिवाजच पडलेला होता.

पण याच मातीत दुसरीही एक रीत होती, आणि ती होती डावाची. पट, ढाक, टांग, मोळी, कलाजंग, धोबीपछाड, घिस्सा अशी डावांची नावे नुसती ऐकली तरी कान तृप्त होतात. या रीतीत समोरच्याच्या जोराचाच उपयोग करून घ्यावयाचा असतो. खाशाबा या दुसऱ्या रीतीचे होते. त्यांचा ढाक प्रसिद्ध होता. समोरचा मल्ल अंगावर रेटत येतो आहे असे दिसले, की त्याची मान हाताच्या कवेत घ्यावयाची, कमरेतून गर्रकन वळावयाचे, आणि त्याला आपल्या अंगावरून जमिनीवर आदळावयाचे. सांगावयास हे एका वाक्यात होते. प्रत्यक्षात वळण्याचा क्षण डोळ्याचे पाते लवेल एवढाच असतो. तो क्षण हुकला तर आपलीच पाठ समोरच्याच्या ताब्यात जाते. म्हणजे ढाक हा धिटाईचा डाव आहे. जो मल्ल पायांनी चपळ नाही त्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. खाशाबांचे पाय विलक्षण चपळ होते असे त्यांना पाहिलेल्या सर्वांनी सांगून ठेवले आहे.

१९४० ते १९४७ ही वर्षे त्यांनी कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षणात घालवली. हा काळ सातारा जिल्ह्यात साधा नव्हता. १९४२ चे आंदोलन पेटले, पाठोपाठ क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार गावोगाव उभे राहिले. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, त्यांची पत्रके पोहोचवणे अशी कामे शाळकरी खाशाबांनी आणि त्यांच्या घरच्यांनी केली. त्या वेळी ते सोळा-सतरा वर्षांचे, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांएवढे होते.

पुढे ते कोल्हापूरला राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. कुस्तीसाठी कोल्हापूर म्हणजे काशीच. राजर्षी शाहू महाराजांनी गावोगावच्या मल्लांना आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचे मैदान बांधले, आणि पेठापेठांत तालमी नांदत्या ठेवल्या. महाराज जाऊन पाव शतक लोटले तरी त्या मातीची ओल गेलेली नव्हती. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांनी खाशाबांना येथे तयार केले. महाविद्यालयात नाव घालून तालमीत घाम गाळणारा पैलवान त्या काळी विरळा. पैलवानाने पुस्तक धरू नये आणि पुस्तकवाल्याने लंगोट लावू नये, असा एक अलिखित नियम आपल्या समाजात होता, आणि तो पूर्णपणे गेला आहे असे मला वाटत नाही. माझ्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. शेत सोडून पुस्तक धरले म्हणजे अंगातला जोर जातो, हे मी घरीदारी पुष्कळ ऐकले आहे. म्हणून राजाराम महाविद्यालयातले खाशाबा मला पदक घेतलेल्या खाशाबांइतकेच जवळचे वाटतात.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक भरले. स्वतंत्र भारताचे ते पहिलेच ऑलिंपिक. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासाच्या खर्चाला हात दिला आणि बावीस वर्षांचे खाशाबा ५२ किलोंच्या गटात, म्हणजे फ्लायवेट गटात उतरले. तेथे त्यांच्यापुढे मातीऐवजी मॅट आली.

मॅटवर उभे राहणे ही गोष्ट आज आपल्याला क्षुल्लक वाटते, कारण आता तालुक्याच्या ठिकाणीही मॅट आल्या आहेत. खाशाबांच्या पायाला मात्र ती सर्वस्वी अनोळखी होती. मातीत पाय रुतून आधार मिळतो, मॅटवर तो सरकतो. मातीत अनवाणी लढतात, मॅटवर बूट घालावे लागतात. मातीत वेळ अमाप, मॅटवर मिनिटे मोजलेली. मातीत पाठ लागली की निकाल, मॅटवर पाठ लागली तर निकाल आहेच, परंतु न लागली तरी भोवती बसलेले तीन पंच कोणी किती वर्चस्व गाजवले ते पाहून विजयी ठरवतात. त्यामुळे समोरच्याला दमवीत बसण्याच्या रीतीला मॅटवर अर्थच उरत नाही. सुरुवातीच्याच मिनिटांत चाल करावी लागते. शिवाय वजनाची गोष्ट. आमच्याकडे पैलवानाने वजन वाढवावयाचे असते. तिथे काट्यावर उभे राहून ५२ किलोंच्या आत यावयाचे. ज्याने आयुष्यभर खुराकाचे माप वाढवण्याचे शिक्षण घेतले त्याला घास मोजून खाण्याचे शिक्षण घ्यावे लागले.

लंडनला त्यांना रीस गार्डनर नावाचे मार्गदर्शक लाभले. ते अमेरिकेतील हलक्या वजनाचे माजी विजेते होते. गार्डनरांनी खाशाबांची मातीतली कुस्ती पुसून टाकण्याचा प्रयत्न केला नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्यांनी या मुलाचे चपळ पाय ओळखले आणि त्या चपळाईला मॅटच्या नियमांचे वळण दिले. पहिल्याच लढतीत खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला अवघ्या काही मिनिटांत हरवले. पाठोपाठ अमेरिकेच्या बिली जर्निगनवर मात केली. इराणच्या मन्सूर रईसीपुढे मात्र त्यांचे काही चालले नाही. इराणमध्येही आपल्यासारखीच जुनी मल्लविद्या आहे, पण तेथील मल्ल मॅटला आमच्याआधी सरावले होते. खाशाबा सहाव्या क्रमांकावर राहिले. ज्याने मॅट नुकतीच पाहिली होती त्याचा हा सहावा क्रमांक!

आमच्या वर्गातील काही मित्र संगणकावर लढाईचे खेळ खेळतात. त्यांत एल्डन रिंग नावाचा एक जपानी कंपनीचा खेळ आहे, तो २०२२ साली आला. तो फार अवघड म्हणून प्रसिद्ध आहे. खेळणाऱ्याने आपली रीत आधी ठरवावयाची असते. जड चिलखत आणि मोठी तलवार घेऊन मार सोसत लढावयाचे, की हलक्या अंगाने वार चुकवीत संधी साधावयाची. समोरचा राक्षस वीस वेळा मारतो, आणि एकविसाव्या वेळी त्याचा प्रत्येक हात कुठून येणार हे पाठ झालेले असते. मित्रांची यावर तासन्‌तास भांडणे चालतात, की जड रीत खरी की हलकी, आणि खेळ सोपा करून घेणाऱ्याने जिंकल्याचे सांगावे की नाही. मला हे ऐकताना नेहमी खाशाबा आठवतात. जड आणि हलक्याचा हाच वाद तालमीच्या कट्ट्यावर शंभर वर्षे चाललेला आहे. फरक इतकाच, की हरल्यावर त्याच राक्षसापुढे पुन्हा उभे राहण्यास मित्रांना अर्धे मिनिट लागते. खाशाबांना चार वर्षे लागली, आणि मधल्या काळात प्रतिस्पर्धी बदलला, गट बदलला, शिवाय तिथपर्यंत पोहोचण्याचे पैसेही नव्याने उभे करावे लागले.

या चार वर्षांत त्यांनी मॅटचा सराव वाढवला आणि ५२ किलोंचा गट सोडून ५७ किलोंच्या बँटमवेट गटाची तयारी केली. गट बदलणे म्हणजे पाच किलो वाढवणे एवढेच नव्हे. वरच्या गटातील मल्ल हाडापेराने मोठे, त्यांचे हात लांब. ज्याचा ढाक समोरच्याच्या मानेवर अवलंबून आहे त्याला उंच माणसाची मान धरणे सोपे नसते. तरीही खाशाबांनी हे धाडस केले.

परंतु त्यांची पहिली कुस्ती देशातच झाली. १९५२ च्या निवडीआधी मद्रासला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एक गुण कमी देऊन मागे टाकले गेले, असे खाशाबांचे म्हणणे होते. निवडीच्या गोष्टीत कोण किती खरे हे सत्तर वर्षांनंतर आपण इथे बसून ठरवू शकत नाही. खाशाबांनी हात चोळीत बसण्याचे नाकारले एवढे मात्र खरे. पतियाळाचे महाराज यादविंद्र सिंग हे तेव्हा भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते. खाशाबांनी थेट त्यांच्याकडे दाद मागितली. महाराजांनी चाचणी कुस्ती लावून दिली, आणि मातीतल्या माणसाला जो निकाल सर्वांत चांगला समजतो तो खाशाबांनी दिला. प्रतिस्पर्धी चीत झाला. गुणांचा प्रश्नच उरला नाही.

मग पैशाचा प्रश्न आला. हेलसिंकी म्हणजे फिनलंडची राजधानी, हिंदुस्थानातून हजारो मैल दूर. खेळाडूला संघात घेतले तरी खर्च त्याने उभा करावा, असा तो काळ. खाशाबा आणि त्यांच्या घरचे दारोदार फिरले. गोळेश्वरच्या, कऱ्हाडच्या लोकांनी आपल्या ऐपतीप्रमाणे हातभार लावला. दुकानदारांनी दिले, शेतकऱ्यांनी दिले. तरी रक्कम पुरी होईना. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे माजी प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. सात हजार! १९५२ साली सात हजारांत काय काय येत असेल याचा हिशेब आपल्या आजोबांना विचारावा. प्राध्यापक मंडळी हा लेख वाचतील म्हणून मुद्दाम लिहितो असे नाही, पण एका प्राचार्याने एका पैलवान विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकल्याचे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात आलेले नाही. आणि तो विद्यार्थी हरूनही परत येऊ शकला असता! घर मात्र गहाण पडलेलेच राहिले असते.

जुलै १९५२. हेलसिंकीच्या मॅटवर खाशाबांनी कॅनडाचा पोलिक्विन, मेक्सिकोचा बासुर्तो आणि जर्मनीचा श्मिट्झ यांना हरवले. त्या वेळची गुणपद्धती आजच्यापेक्षा निराळी होती. तेव्हा गुण मिळवावयाचे नसत, ते टाळावयाचे असत. चीतपट जिंकणाऱ्याला एकही दोषगुण नाही. नुसत्या पंचांच्या निर्णयावर जिंकला तर जिंकूनही दोषगुण पदरात पडे, आणि हरणाऱ्याच्या पदरात अधिक. असे पाच दोषगुण साठले की स्पर्धा संपली. म्हणजे सावधपणे, अंग राखून जिंकणाऱ्यालाही किंमत मोजावी लागे. मला वाटते ही पद्धत खाशाबांच्या स्वभावाला मानवणारी होती, कारण चीत करण्याची ओढ मातीतच लागलेली असते.

शेवटी तिघे उरले. सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव, जपानचा शोहाची इशी आणि आपले खाशाबा. तिघांची पाळेमुळे तीन निरनिराळ्या मातींत होती. सोव्हिएत संघ त्या वर्षी प्रथमच ऑलिंपिकमध्ये उतरला होता आणि त्याचे मल्ल सरकारी देखरेखीखाली कसून तयार झालेले होते. इशी हा मुळात ज्युदो खेळणारा. महायुद्धानंतर अमेरिकन अमलाखाली जपानमध्ये ज्युदोवर बंदी आली तेव्हा तो कुस्तीकडे वळला. ज्युदोत समोरच्याचा तोल मोडून त्याला फेकण्याचे जे शास्त्र आहे, ते आमच्या ढाकेचेच सख्खे भावंड म्हणावे लागेल. समोरच्याच्या जोरावर त्यालाच पाडावयाचे! म्हणजे खाशाबांसमोर त्या दिवशी त्यांच्याच रीतीचा, पण वेगळ्या घराण्याचा माणूस उभा होता. इशीशी त्यांची लढत पूर्ण पंधरा मिनिटे चालली आणि पंचांनी निर्णय इशीच्या बाजूने दिला. मम्मदबेयोवनेही त्यांना हरवले.

या दोन लढतींविषयी एक हकीगत सर्वत्र सांगितली जाते. इशीबरोबरच्या दमछाकीनंतर खाशाबांना लगेच मम्मदबेयोवशी लढण्यास सांगण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. परंतु तो नियम दाखवून तक्रार करण्यासाठी मॅटशेजारी भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. खाशाबांना तेथील भाषेत वाद घालणे शक्य नव्हते. ते तसेच उतरले. ही विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता काय? गावोगावचे वस्ताद हो म्हणतात. माझे मत असे, की मम्मदबेयोव ताज्या दमाच्या खाशाबांनाही जड गेला असता, पण कुस्ती बरोबरीची झाली असती. त्या वेळी एखादा माणूस शेजारी असावयास हवा होता, एवढे मात्र कोणालाही पटेल. गावच्या जत्रेतसुद्धा मल्लाबरोबर त्याचा वस्ताद असतो.

इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य पदक मिळाले. तो दिवस २३ जुलै १९५२. त्याच ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरचेच केशव माणगावे पुढच्या वजनगटात चौथे आले. त्यांचे नाव आपण जवळजवळ विसरलो आहोत. एकाच ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या तालमींतून एक तिसरा आणि एक चौथा! हॉकीच्या संघाने सुवर्ण जिंकल्यामुळे देशाचे बहुतेक लक्ष तिकडेच राहिले.

कऱ्हाडने मात्र लक्ष ठेवले होते. पदक घेऊन खाशाबा परतले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्या सजवून लोक त्यांना आणावयास गेले. ढोल, लेझीम, गुलाल. एरवी पंधरा मिनिटांत संपणारी वाट त्या दिवशी सात तासांत संपली असे सांगतात. गावच्या महादेवाच्या देवळापर्यंत मिरवणूक गेली. आपल्याकडे बैलगाड्यांची अशी रांग एक तर देवाच्या पालखीला निघते, नाही तर लग्नाला.

सत्कार झाले, हारतुरे सुकले. खाशाबांच्या डोक्यात मात्र खर्डेकरांचे घर होते. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, त्यात स्वतःही लढले, आणि मिळालेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवून दिले. ऑलिंपिकच्या मॅटवरून उतरलेला मल्ल पुन्हा मातीत उतरला तो हे ऋण फेडण्यासाठी. पदकाइतकीच, किंबहुना थोडी अधिक, मला ही कुस्ती मोलाची वाटते.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात फौजदार म्हणून रुजू झाले. पोलीस दलातील स्पर्धा त्यांनी जिंकल्या, तेथील मल्लांना शिकवले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची तयारी चालू असताना गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि तिसरी संधी गेली. ज्याची सारी कुस्ती पायांच्या चपळाईवर उभी होती, त्याचा गुडघाच गेला. मेलबर्नच्या वेळी ते तीस वर्षांचे झाले असते, आणि इशीसारख्यांच्या रीतीला उत्तर काय द्यावयाचे हे त्यांना कळलेले होते. या एका गोष्टीची चुटपुट लागून राहते.

सत्तावीस वर्षे नोकरी करून सहायक पोलीस आयुक्त या पदावरून ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. देशाच्या क्रीडा खात्यांनी या काळात त्यांची आठवण फारशी ठेवली नाही. त्यांच्या हयातीत त्यांना पद्म पुरस्कार मिळाला नाही, अर्जुन पुरस्कारही नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांत त्यांना क्रीडाज्योत घेऊन धावण्याचा मान मिळाला, तेव्हा हेलसिंकीला तीस वर्षे होऊन गेली होती. मॅट, मार्गदर्शक आणि शेजारी उभा राहणारा एक जाणता माणूस मिळाला तर मातीतली पोरे काय करू शकतील, हे सांगू शकणारा सर्वांत मोठा जाणकार त्या काळात आपल्यातच वावरत होता. त्याला कुणी बोलावून विचारले नाही. पदके दुर्मिळ का झाली याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात खाशाबांचे निधन झाले. ते ५८ वर्षांचे होते.

त्यांच्या पाठीमागे सन्मान एकेक करून आले. महाराष्ट्र शासनाचा छत्रपती पुरस्कार १९९२-९३ चा. अर्जुन पुरस्कार २००० चा. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतील कुस्तीच्या बंदिस्त मैदानाला त्यांचे नाव दिले गेले. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांची जन्मतारीख, १५ जानेवारी, ही राज्य क्रीडा दिन म्हणून ठरवली. दरम्यान १९९६ मध्ये अटलांटा येथे लिअँडर पेसने टेनिसमध्ये कांस्य पदक मिळवले, तेव्हा खाशाबांनंतर भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळाले. मधे ४४ वर्षे गेली होती. कुस्तीतले पुढचे पदक तर सुशीलकुमारने २००८ मध्ये बीजिंगला आणले. तेही कांस्यच, आणि ते हेलसिंकीनंतर ५६ वर्षांनी आले.

गोळेश्वरातील त्यांच्या घराचे नाव ऑलिंपिक निवास असे आहे. आमच्या भागातील जत्रांच्या फडात अजूनही तांबडीच माती असते, अजूनही नजरेनेच जोड लागते, आणि एखाद्या बारक्या अंगाच्या पोराने मान धरून कमरेतून वळताच कडेला बसलेले म्हातारे ढाक, ढाक म्हणून ओरडत उठतात. डाव पुरा व्हायच्या आधीच.